आजीचा शेक, हळदीच्या गोळ्या आणि ताटाची डावी बाजू

प्रिय मनू,

तुझा भला मोठा व्हॉइस मेसेज ऐकला. थोडक्यात तुझं म्हणणं असं की पाळीत पोट दुखतंय म्हटल्यावर आजी व्हिडिओ कॉलवर म्हणाली गोळीबिळी घेऊ नकोस, ओव्याचा शेक घे आणि हळद-दूध पी, तर हे खरंच लागू पडतं की "आपल्यात असंच असतं" म्हणून करायचं? दुसरं, तुझी रूममेट हळदीच्या कॅप्सूल घेते आणि वजनासाठी पण कसल्यातरी हर्बल गोळ्या, तर त्या म्हणजे आजीचंच औषध जरा शास्त्रीय करून विकलंय का? आणि तिसरं, जे तू चिडून विचारलंस, की आजी एका वाक्यात "किती वाळलीस गं" म्हणते आणि पुढच्याच वाक्यात "भात कमी कर", तर नक्की करायचं काय. टाइप करून उत्तर देतेय कारण बोलायला लागले तर तू मध्येच "आई लेक्चर नको" म्हणशील. मोठं झालंय, बसमध्ये वाच.

शेकाच्या बाबतीत आजी एकदम बरोबर आहे. पाळीत गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात, त्यामागे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं असतात, आयबुप्रोफेन ही पेनकिलर गोळी ती रसायनं तयार होणंच कमी करते आणि उष्णता दुसऱ्या बाजूने काम करते, स्नायू सैल पडतो, रक्त जरा खेळतं. पोटावर बांधायची गरम पट्टी आणि आयबुप्रोफेन यांची तुलना करून बघितलीय डॉक्टरांनी आणि त्यात पट्टी गोळीच्या तोडीस तोड उतरली, म्हणजे शेक हा काही गोळी मिळाली नाही म्हणून करायचा उद्योग नाही. तुझ्या डॉर्ममध्ये तवा चालत नाही मला माहितीये, तर एक स्वच्छ सुती मोजा घे, त्यात वाटीभर कच्चे तांदूळ आणि दोन चमचे ओवा घाल, गाठ मार आणि मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर फिरव. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघ, मग पोटावर. आणि तो घेऊन झोपू नकोस.

आता त्यात ओव्याचं काम किती आणि गरमपणाचं किती? माझ्या मते बहुतेक सगळं गरमपणाचं, खेडोपाडी नुसत्या मिठाची नाहीतर वाळूची पुरचुंडी करून शेकतातच की. ओव्याचा जो घमघमाट येतो तो थायमॉलचा, तेच थायमॉल इथे अमेरिकेतल्या माउथवॉशमध्ये असतं, वास घेतला की बरं वाटतं आणि बरं वाटणं ही दुखण्यात काही छोटी गोष्ट नाही. गॅसने पोट फुगलं असेल तर चिमूटभर ओवा आणि काळं मीठ चावून वर गरम पाणी पी, ते वेगळं.

जाता जाता एक मजा सांगते, तुला बायॉलॉजी आवडतं म्हणून. मिरची खाल्ली की तोंड "भाजलं" म्हणतो ना आपण, ते अगदी शब्दशः खरं निघालं, मिरचीतलं कॅप्सायसिन नसांवरच्या ज्या रिसेप्टरला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतं तोच रिसेप्टर साधारण ४३ डिग्री सेल्सियसच्या वरची उष्णता पण ओळखतो. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियसना २०२१ चं नोबेल मिळालं (आर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर विभागून). आणि त्याच मिरचीच्या अर्काची मलमं आणि पट्ट्या आता नसांच्या दुखण्यावर देतात. ठेचा चोळू नकोस पण कुठे.

"गोळी घेऊ नकोस" हे मात्र मला अजिबात मान्य नाही. आजीची भीती कुठून येते ते मला कळतं, तिने आजूबाजूला अशा बायका बघितल्यात ज्यांनी गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं रोज मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणून खाल्ल्या आणि मग किडनीचं दुखणं मागे लागलं. ते खरंच होतं. पण महिन्यातले एक-दोन दिवस, पोटात काहीतरी घालून, भरपूर पाणी पिऊन, पाकिटावर लिहिलेल्या डोसमध्ये घेतलेली गोळी म्हणजे ते नव्हे. दम्याचा, अल्सरचा किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी विचारून घ्यावी, तुला त्यातलं काही नाहीये. शेक आणि गोळी दोन्ही एकदम घेतलंस तरी चालेल, आणि आजीला सगळं सांगायलाच पाहिजे असं पण नाही.

हळदीचं जरा सविस्तर सांगते कारण त्यात गंमत आहे आणि गोंधळ पण. १९९५ मध्ये इथे अमेरिकेत मिसिसिपीच्या युनिव्हर्सिटीच्या मेडिकल सेंटरला "हळद लावून जखम बरी करणे" यावर पेटंट मिळालं होतं, खोटं नाही सांगत! आपल्याकडे भाजी चिरताना बोट कापलं की पहिला हात हळदीच्या डब्यात जातो, आणि त्याचं पेटंट. तेव्हा भारताच्या सीएसआयआरने (सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने) त्याला आव्हान दिलं, प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, जुने ग्रंथ आणि जुने शोधनिबंध पुराव्याला लावले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या घरांत हे अजून अभिमानाने सांगतात आणि सांगावंच, पण त्यातून लोक भलताच अर्थ काढतात. पेटंट रद्द झालं म्हणजे हळद सगळ्यावर चालते असं काही सिद्ध झालं नाही, ही गोष्ट लोकांना आधीपासून माहीत होती एवढंच सिद्ध झालं.

हळदीत जे कर्क्युमिन असतं ते वजनाच्या जेमतेम ३ टक्के. म्हणजे कपभर दुधात अर्धा चमचा हळद घातलीस तर पन्नासेक मिलिग्रॅम पोटात गेलं आणि त्यातलं अंगी फारच थोडं लागतं. गुडघेदुखीवर ज्या अभ्यासांत थोडाफार फरक दिसला त्यात रोज हजार-दीड हजार मिलिग्रॅमच्या घरात अर्क दिलेला होता. तेव्हा हळद-दूध हे पेनकिलर नाही. गरम आहे, पोटाला आधार आहे, झोपायच्या आधी कोणीतरी आपल्यासाठी केलंय असं वाटतं, त्यासाठी जरूर पी.

आता कॅप्सूल. तिथे लोकांनी डोकं लावलं की हळद अंगी लागत नाही ना, मग मिऱ्याचा अर्क घाला, कारण मिऱ्यातल्या पायपरीनमुळे कर्क्युमिन कितीतरी पट जास्त शोषलं जातं, बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्येच हे दाखवलं होतं. आणि मग एका गोळीत पाचशे-हजार मिलिग्रॅम अधिक मिरे असं रोज, महिनोन्महिने. काही जणांच्या लिव्हरला त्याने इजा झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्यात, अगदी काविळीपर्यंत. सगळ्यांना होत नाही, पण आजीच्या फोडणीतल्या हळदीने असं झालेलं कोणी ऐकलंय का? फरक प्रमाणाचा आहे. आजीच्या हातात चिमूट आहे, त्या बाटलीत नाही, आणि आपल्या सगळ्या घरगुती इलाजांचं मर्म माझ्या मते तिथेच आहे, ते स्वयंपाकघराच्या मापात दिलेले असतात म्हणून निरुपद्रवी असतात. रूममेटला सांग की रक्त पातळ करायचं किंवा दुसरं कुठलं औषध चालू असेल तर डॉक्टरला ही बाटली दाखव.

वजनाच्या गोळीचं तर विचारूच नकोस. तू फोटो पाठवलास त्यावर गार्सिनिया कंबोजिया लिहिलंय, ते आपल्या कोकमाच्या कुळातलं फळ, नात्याने चुलतभाऊ. त्यातल्या हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिडने चरबी वितळते म्हणून विकतात, प्रत्यक्षात वजनात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही आणि लिव्हरच्या तक्रारी याच्याही आहेत. सोलकढी पी त्यापेक्षा.

घरगुती म्हणून सगळंच बिनधोक असतं असं पण नाही बरं का. वेखंड, जे आपल्याकडे बाळगुटीत उगाळून देतात, ते खाण्यात घालायला इथे एफडीएने (अन्न-औषध खात्याने) १९६८ पासून बंदी घातलीय, त्यातल्या असारोन नावाच्या घातक घटकामुळे. आणि कापूर घातलेलं खोबरेल सर्दीत छातीला चोळतात ते मोठ्यांपुरतं, लहान पोराच्या पोटात थोडासा जरी कापूर गेला तर झटके येऊ शकतात. तू बेबीसिटिंगला जातेस म्हणून मुद्दाम लिहिलं. आणि पाय मुरगळला तर ताज्या सुजेवर शेक नाही, पहिले एक-दोन दिवस बर्फ, आजी आंबेहळदीचा गरम लेप म्हणाली तरी.

आता वजन. आजी तुला वाळलीस पण म्हणते आणि भात कमी कर पण म्हणते, आणि तुला वाटतं ती गोंधळलीय, पण गंमत म्हणजे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी एकच, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबी. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांचा अभ्यास केला तेव्हा जन्मतःच हे दिसलं, वजन कमी पण चरबी त्या मानाने टिकून, कमी पडले ते स्नायू. म्हणून इथला क्लिनिकचा तक्ता २५ पर्यंत नॉर्मल म्हणतो तरी आपल्या लोकांसाठी २३ पासूनच लक्ष ठेवा म्हणतात, आणि बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत. तू वजनकाट्यावर रोज उभी राहू नकोस, तुला त्याची गरज नाहीये, तुला गरज आहे ती दंड-मांड्या जरा मजबूत करायची. जिम आवडत नसेल तर सूर्यनमस्कार घाल, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात शाळेतल्या मुलामुलींना घालायला लावले होते, खोलीत एका चटईत होतात.

आणि ताट. लहानपणी तू विचारायचीस मीठ मध्येच का, चटणी डावीकडेच का. आपल्या ताटात वर मध्ये मीठ, डाव्या बाजूला लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, म्हणजे ज्या गोष्टी चवीपुरत्या त्या डावीकडे (कोशिंबीर सोडून, ती तू हवी तेवढी घे), उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, आणि मध्ये भात नाहीतर पोळी-भाकरी. हे कोणी डाएटिशियनने आखलेलं नाही, पण माप त्यात आपोआप येतं. आपण इथे बिघडवलं ते असं की भात हंडाभर झाला आणि उसळ डावीकडे गेली. भात सोडू नकोस, नुसती अदलाबदल कर, वाटीभर भात आणि दोन वाट्या उसळ किंवा घट्ट वरण, वर चमचाभर तूप, चमचाभराच्या ४५ कॅलरी होतात, त्याने कोणी जाड होत नाही. जमेल तेव्हा ज्वारीची भाकरी, एक खाल्ली की पोट भरल्याचं कळतं तरी, पोळ्या चार कधी झाल्या पत्ता लागत नाही. नाचणीचं पण बघ, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, आंबील करून थर्मासमध्ये नेता येते.

उपासाने वजन उतरेल ही आशा मात्र सोड. एकादशी आणि दुप्पट खाशी हे काय उगाच म्हणत नाहीत, साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात तूप, बटाटा, दाण्याचं कूट. आणि गंमत बघ, साबुदाणा ज्यापासून करतात तो टॅपिओकाचा कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीज वगैरे लोकांबरोबर तिकडे गेलेलं, म्हणजे आजीच्या उपासाच्या ताटातलं जवळजवळ सगळं तुझ्या गावचं. उपास करायचाच तर वरीचे तांदूळ, ताक, फळं.

वजनासाठी डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं डाएट की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं, हे तू मावशीला विचारलंस आणि तासभर अडकलीस म्हणे. एक म्हणतात दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवण उरकायचं, दुसऱ्या म्हणतात थोडं थोडं दर दोन तासांनी, आणि आपले सगळे फॅमिली ग्रुप यावरून दुभंगलेत. तुझ्या लेक्चरच्या वेळा बघता मला तिसरंच महत्त्वाचं वाटतं, रात्री अकराला पिझ्झा नको. आणि आजीने पाठवलेले डिंकाचे लाडू रोज तीन नाही खायचे, ते बाळंतिणीसाठी आणि थंडीत शेतात राबणाऱ्यांसाठी केलेले असतात, खुर्चीत बसून असाइनमेंट करणारीला आठवड्यातून दोन पुरे. दाढ दुखते म्हणालीस तर लवंग धर दाढेखाली, तिच्यातलं युजेनॉल डेंटिस्ट पण वापरतात, पण कीड तिने जात नाही, अपॉइंटमेंट घे या आठवड्यात.

शेवटचं नीट वाच. पाळीचं दुखणं दर महिन्याला वाढत चाललं, किंवा गोळी आणि शेक दोन्ही घेऊन पण तू वर्गात जाऊ शकत नाहीयेस, तर गायनॅकला दाखवायचं, "बायकांना होतंच" हे आजीचं वाक्य तिथे लावायचं नाही. आणि बेंबीपाशी दुखायला लागून उजवीकडे खाली सरकलं, चालताना वाढलं, बरोबर ताप-उलटी असेल तर ओवा नाही, शेक नाही, मला फोन पण नंतर कर, आधी सरळ इमर्जन्सीत जा. इन्शुरन्सचं कार्ड पर्समध्येच ठेव, बिलाचं आपण मग बघू.

तुझी,
आई