पिवळं पाणी हिरवं होईपर्यंत

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

परवा गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर भेटलास तेव्हा तुझा चेहरा पार उतरलेला होता. तीन वर्षं पहाटे त्या मैदानावर घाम गाळलास, १६०० मीटर वेळेत बसवलेस, आणि मेडिकलला गुडघे जुळतात म्हणून भरतीतून बाहेर काढलं. आता सातपूरला प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या, कारखान्यात ईटीपीवर, सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटवर, लागलायस. "काका, देशासाठी काही करायचं होतं. आता घाण पाणी बघत बसायचं," एवढं म्हणालास आणि गाडीला किक मारून निघून गेलास. मला तिथल्या तिथे काही बोलायला सुचलं नाही. दोन दिवस ते वाक्य डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसलो.

आपण सगळे गोल्फ क्लब म्हणतो, पण त्या मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर त्यांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा ते जेमतेम सतरा-अठरा वर्षांचे होते. पुढच्या एप्रिलात कर्वे आणि देशपांडे यांच्यासोबत ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. देश म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे असंच काही येतं, आणि ते यायलाच हवं. पण त्या काळाने त्यांच्यापुढे जे ठेवलं ते तुझ्यापुढे नाही. तुझ्यापुढे काय आहे ते सांगतो, कारण त्या कामात माझी ३१ वर्षं गेली.

आधी पाण्याची वाट नीट समजून घे. नाशिक पितं ते मुख्यतः गंगापूर धरणाचं, म्हणजे शहराच्या वरच्या अंगाचं. सातपूरच्या नाल्यांतून जे सुटतं ते नासर्डीला मिळतं, आणि नासर्डी टाकळीला, समर्थांच्या मठापाशी, गोदावरीत शिरते. रामकुंड त्याच्या वर राहिलं. म्हणजे आपण सोडलेलं पाणी आपल्या घोटात येत नाही, आपल्या स्नानातही येत नाही. ते खाली जातं. नांदूर मध्यमेश्वरला जातं, जिथे हिवाळ्यात पक्षी उतरतात, मग कोपरगाव, मग पैठणचा नाथसागर. छत्रपती संभाजीनगरच्या नळाला तेच पाणी येतं. तिथून नांदेड, तेलंगण, राजमहेंद्री आणि समुद्र. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून १४६५ किलोमीटर. या वाटेवरच्या माणसांना तू कधी भेटणार नाहीस. ती मराठी बोलतील, तेलुगू बोलतील, तुझ्या जातीची असतील, नसतील. त्यांना तुझं नाव कळायचं नाही. माझ्या लेखी देश म्हणजे ही माणसं.

आता माझी एक गोष्ट. घरातसुद्धा कधी सांगितली नाही.

१९८९ चा ऑगस्ट. मी एका कारखान्यात रात्रपाळीला होतो. क्रोमचं पाणी टाकीत काठोकाठ आलेलं आणि त्यावर प्रक्रिया करायचं केमिकल, मेटाबायसल्फाइट, संपलेलं. वरचे साहेब फोनवर म्हणाले, "पाऊस आहे, सोडून दे, वाहून जाईल." प्रक्रिया न करता पाणी थेट नाल्यात सोडणारा बायपासचा व्हॉल्व्ह मी फिरवला. टॉर्चच्या उजेडात नाल्यात हळद कालवल्यासारखं पिवळं पाणी पसरताना पाहिलं, आणि दहा पावलांवर ते पावसात दिसेनासं झालं. चार दिवसांनी झेंडावंदन. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून झेंड्यात फुलं मीच बांधली, दोरीची गाठ मीच मारली. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. त्या दिवशी ते ५२ सेकंद मला सरता सरेनात. समोर तिरंगा होता आणि डोळ्यांपुढे तो नाला. साहेबांनी सांगितलं हे खरं, पण हात माझा होता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी तो व्हॉल्व्ह कधी उघडला नाही.

ते पिवळं पाणी म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. त्याने कॅन्सर होतो, हे तुला शिकवलं असेल. नदीनाल्यात सोडताना लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर ते चालत नाही. पण आकडा पाठ असून भागत नाही. आम्लाने पीएच दोन-अडीचवर आण, मग मेटाबायसल्फाइट घाल आणि टाकीजवळ उभा राहून बघ. पिवळं पाणी हळूहळू हिरवं व्हायला लागतं. घाई करणारे इथेच फसतात. वरवर हिरवं दिसलं की चुना ओततात, आणि खालच्या थरात पिवळं तसंच राहतं. ढवळणी चालू ठेव, तळातून नमुना काढ, पांढऱ्या कपात धरून बघ, टेस्ट कर. मगच चुना घालून पीएच साडेआठपर्यंत ने. हिरवट गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. पहाटे चार वाजता, कुणीही बघत नसताना, ते नितळ पाणी बघायला मिळतं. मला त्या पाण्याने फार समाधान दिलंय.

राज्यघटनेत १९७६ साली मूलभूत कर्तव्यं आली. त्यांत झेंड्याचा आणि राष्ट्रगीताचा मान राखायचं कर्तव्य आहे, तसं नद्या आणि तळी राखायचंही आहे. पहिलं आपण वर्षातून दोनदा थाटात पाळतो. दुसरं रोजचं आहे, आणि त्यातला एक तुकडा नेमका तुझ्या हाती आलाय.

तुझ्यावरही एखाद्या रात्री तसा फोन येईल. आलाच तर काय करायचं, हे आजच ठरवून ठेव. नोकरी पहिल्याच दिवशी पणाला लाव असं मी म्हणणार नाही, तुझ्या आईची औषधं मला माहीत आहेत. पण ती वेळ येऊ न देणं बरंचसं तुझ्याच हातात आहे. केमिकलचा साठा पंधरा दिवस पुरेल एवढा उरला की मागणी लेखी दे. टाकी पाऊण भरली की शिफ्ट इन्चार्जला सांग आणि वेळ टाकून लॉगबुकात लिही. रीडिंग आलं तेच लिही, पेनाने लिही, मागची पानं भरत बसू नकोस. आणि तरीही कुणी सांगितलंच तर शांतपणे म्हण, "साहेब, मी नाही उघडणार, तासभर प्लेटिंग थांबवा." मी तसं पुढे दोनदा म्हणालो. एकदा ओरडा खाल्ला, एकदा लाइन थांबली.

यात आपल्याच लोकांच्या विरोधात उभं राहिल्यासारखं वाटतं, ते मला कळतं. २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात बाबासाहेबांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड पुढे होते. दहाच दिवसांनी गांधीजी दांडीला निघाले. एका महिन्यात दोन लढे, एक परक्या सरकारशी, एक आपल्याच गावाशी. दुसरा जास्त अवघड होता असं मला वाटतं. परक्याशी भांडणाऱ्याला गाव डोक्यावर घेतं, गावाशी भांडणाऱ्याच्या वाट्याला दगड येतात. पाच वर्षं लोक त्या दारात येत राहिले. आपलं काम त्यापुढे काहीच नाही, पण जातकुळी तीच.

पळणं सोडू नकोस. रविवारी सकाळी मैदानावरून परस्पर घरीच ये, नाश्त्याला. येताना तुमचा पीएच मीटर घेऊन ये, साहेबांना विचारून. तू सांगितलेली रीडिंग मला खटकतायत, बहुतेक इलेक्ट्रोडवर थर बसलाय. चार आणि सात पीएचचं बफर द्रावण माझ्याकडे आहे, कॅलिब्रेशन दाखवतो.

तुझा,
काका