मिळणे, मिसळणे की विलीन होणे?

प्रश्न : माझे खाते देना बँकेत होते. ते बँक ऑफ बडोदाकडे गेले, तेव्हा शाखेतल्या कर्मचाऱ्यांनी ‘बँक मर्ज झाली’ असे सांगितले. मी शाळेच्या कार्यालयात एक्सेलमध्ये याद्या करते, तिथेही ‘मर्ज’चे बटण आहे, आणि सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी माझी मुलगी रोज ‘कोड मर्ज केला’ असे म्हणते. हे एकच क्रियापद आहे का? त्याच्यापुढे ‘विथ’ लावायचे की ‘इन्टू’? आणि मराठीत दर वेळी ‘विलीनीकरण’ म्हणावे का? (एक वाचक, कराड)

उत्तर : क्रियापद एकच आहे, आणि त्याचे मूळ पाण्यात आहे. लॅटिनमधल्या ‘मेर्गेरे’ या धातूचा अर्थ बुडवणे, बुचकळणे असा होतो. पाण्यातून वर येणे म्हणजे ‘इमर्ज’ आणि पाण्याखाली जाणे म्हणजे ‘सबमर्ज’, ही दोन्ही त्याचीच भावंडे. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रुळू लागला तेव्हा ‘मर्ज’चा अर्थही बुडणे, बुडवणे असाच होता, एक वस्तू दुसरीत बुडून वेगळी दिसेनाशी होणे, हा आजचा अर्थ त्यातूनच निघाला आहे. आपला ‘विलीन’ही याच वाटेने आला आहे, हे मला फार मोलाचे वाटते. संस्कृतमधला ‘ली’ हा धातू चिकटणे, विरघळणे या अर्थाचा असून लय, लीन, तल्लीन आणि विलय हे सगळे शब्द त्याचेच आहेत. म्हणूनच एखादी व्यक्ती गेल्यावर ‘अनंतात विलीन झाली’ असे आपण म्हणतो. तिथे ‘अनंतात मिसळली’ असे म्हटलेले कानाला सहन होत नाही.

तुम्ही कराडच्या आहात, म्हणून ‘विथ’ आणि ‘इन्टू’चा उलगडा प्रीतिसंगमावरच करू. तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि पुढे वाहते ती कृष्णा. कोयनेचे पाणी राहते, नाव राहत नाही. इंग्रजीत कोयना कृष्णेत ‘मर्ज इन्टू’ झाली असे म्हणता येईल. पुण्यात मात्र मुळा आणि मुठा एकत्र आल्यावर पुढच्या नदीला मुळा-मुठा म्हणतात, म्हणजे दोघींचीही नावे टिकतात, आणि तिथे ‘मर्ज विथ’ अधिक शोभते. लहान वस्तू मोठीत जाऊन तिची ओळख संपत असेल तर ‘इन्टू’, आणि दोन वस्तू बरोबरीने एकत्र येत असतील तर ‘विथ’, असा साधारण कल आहे. दोन्ही नद्यांना कर्ता करून ‘मर्ज’ वापरले, तर पुढे काहीच लावावे लागत नाही. ‘मर्ज टुगेदर’ मात्र टाळावे, कारण एकत्र येण्याचा अर्थ क्रियापदातच आहे.

हा कल आहे, नियम नव्हे. 1961 च्या आयकर कायद्यातली ‘अमाल्गमेशन’ची, म्हणजे कंपन्यांच्या एकत्रीकरणाची व्याख्याच पाहा. एक किंवा अधिक कंपन्या दुसऱ्या कंपनीत जाणे, आणि दोन किंवा अधिक कंपन्यांची मिळून एक कंपनी होणे, अशा दोन्ही गोष्टी तिथे ‘मर्जर’ या एकाच शब्दात बसवल्या आहेत, आणि पहिल्या प्रकाराला शब्दयोगी ‘विथ’च वापरला आहे. त्यामुळे नुसते ‘विथ’ पाहून दोन्ही पक्ष टिकले असे समजू नये. नंतर कोण उरले ते पाहावे. तुमची देना बँक आणि तिच्याबरोबर विजया बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात गेल्या, आणि दोन्ही नावे संपली. तुमच्या जुन्या पासबुकावरचा ‘बीकेडीएन’ने सुरू होणारा आयएफएससी कोड आणि आताचा ‘बीएआरबी’ने सुरू होणारा कोड शेजारी ठेवून पाहा, हे ‘विलीनीकरण’च होते, हे चार अक्षरांतच कळेल.

हा शब्द आपल्या हाडीमांशी खिळला तो मात्र संस्थानांच्या काळात. संस्थान भारतात ‘सामील’ झाले तेव्हा संस्थान म्हणून ते उरलेच होते. कोल्हापूर 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात ‘विलीन’ झाले तेव्हा वेगळे राज्य म्हणून ते संपले. पुढे गोव्यात 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला आणि महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, असा प्रश्न मतपत्रिकेवर आला. गुलाबाचे फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळे राहणे. पानांना 34,021 मते जास्त पडली. ‘एकत्र येणे’ आणि ‘विलीन होणे’ यांत किती अंतर आहे, हे त्या दिवशीच्या मतदाराला कोशात पाहावे लागले नसेल. इतका वजनदार शब्द आज वाहतुकीच्या बातमीत ‘सेवारस्ता महामार्गात विलीन होतो’ असा वापरला जातो, तेव्हा मला वाईट वाटते. रस्ता रस्त्याला मिळतो, गाड्या मुख्य रांगेत येतात, दूध पाण्यात मिसळते, दोन याद्या एकत्र करतात. प्रत्येक ठिकाणी आपले साधे क्रियापद हाताशी असते, आणि अकर्मक-सकर्मकाचा प्रश्नही ‘होणे’ आणि ‘करणे’ यांनी सुटतो.

मुलीचा ‘कोड मर्ज’ मी तसाच ठेवीन. तिथे शाखा म्हणजे कोडची स्वतंत्रपणे बदलत जाणारी प्रत. एका शाखेतले बदल दुसऱ्या शाखेत येतात, पण पहिली शाखा मुद्दाम पुसल्याशिवाय जात नाही आणि दोन्हींचा इतिहास नोंदीत राहतो, म्हणून ‘विलीन’ चुकीचे ठरेल. एकाच ओळीत दोघांनी वेगवेगळे बदल केले असतील तर संगणक थांबतो आणि कोणते ठेवायचे ते माणसाला विचारतो. ‘मेल मर्ज’मध्ये तर पत्राचा मसुदा आणि नावांची यादी दोन्ही जशीच्या तशी राहून तिसराच कागद तयार होतो.

तुमच्या एक्सेलच्या बटणाबाबत मात्र सावध राहा, कारण तिथे ‘मर्ज’ बुडवण्याच्या मूळ अर्थाला जागतो. समजा, विद्यार्थ्याचे आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव शेजारच्या तीन चौकटींत आहे आणि संपूर्ण नाव एका चौकटीत हवे म्हणून तुम्ही त्या निवडून ते बटण दाबले. चौकट एक होईल, पण तिच्यात फक्त डावीकडचे आडनाव उरेल आणि बाकीची दोन नावे जातील. एक्सेल तशी सूचना देते, पण घाईत ‘ओके’ दाबले जाते. तुम्हाला हवे आहे ते ‘जोडणे’, आणि त्यासाठी वेगळ्या चौकटीत अँपरसँडच्या (&) चिन्हाने तिन्ही नावे जोडणारे सूत्र लिहावे, मध्ये अवतरणचिन्हांत एकेक मोकळी जागा ठेवावी. ‘मर्ज’चे बटण यादीच्या वरच्या शीर्षकापुरतेच वापरावे.