आधी पाणी

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कल्पित जगाची वही वाचली. सात राज्यं, त्यांचे ध्वज, लांबलचक वंशावळी, वर स्वतंत्र लिपी. कथेचं पहिलं पान मात्र कोरं. ‘सुरुवात कुठून करू?’ विचारतेस. पाण्यापासून कर. तुझ्या राजधानीतली बाई सकाळी पाणी कुठून आणते, हे त्या अख्ख्या वहीत मला सापडलं नाही.

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी 5500 मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईला ये. अंतर तीसेक किलोमीटर, पण पाऊस पाव हिश्शाहूनही कमी. ढग डोंगरावरच रिते होतात, म्हणून. तेवढ्यानं पिकं बदलतात, घराच्या छपराचा उतार बदलतो. आणि तू घनदाट जंगलाला खेटून वाळवंट काढलंयस, मध्ये साधं टेकाड नाही! असं नाही चालणार गं.

धुळे-नाशिककडची फड पद्धत बघ, गावानं मिळून नदीचं पाणी शेतांना वाटून घ्यायची रीत. पांझरेसारख्या नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाणी सोडणारा पाटकरी. पाणी कमी असलं की एखादा फड, म्हणजे शेतांचा एक गट, पडीक ठेवायचा, हे गावानंच ठरवायचं. आता तुझ्या जगात असा पाटकरी आण. रात्री त्याच्या दाराशी गुपचूप कोण येतं? त्याच्या मुलीनं ते पाहिलं तर? बघ, वंशावळीवाचून गोष्ट चालू झाली.

पाणी कुठून येतं हे ठरलं की लगेच दुसरं विचार, ते कोणाला मिळत नाही? महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला होता. तरी 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह तिथं जाऊन ते पाणी प्यावं लागलं. तुझ्या राज्यांचे कायदे तू छान लिहिलेस. तळ्याच्या काठावर ते पाळतं कोण?

लोक मला हट्टी म्हणतात, कथा सोडून भूगोल शिकवतो म्हणतात. म्हणोत. माझ्या बरोबरीचे किती गुणी लेखक राजांची नावं रचता रचता थांबले. त्यांच्या वह्या कपाटातच राहिल्या, याची हळहळ अजून जात नाही. तुझ्यावर चिडतो ते त्यामुळे.

लिपी फाडू नकोस, देखणी आहे. तूर्त बाजूला ठेव. एक गाव घे, पाऊस हुकलेलं एक वर्ष घे, आणि पाटावरचं एक भांडण लिहून पाठव. राजा त्यात नको.

कळावे.