आधी कळ, मग आग, रात्री ठणका

प्रश्न : ऑक्टोबर छाटणीच्या वेळी काडी धरलेल्या डाव्या हाताच्या तर्जनीला कात्री लागली. हात आपोआप मागे आला, सणकन कळ गेली आणि क्षणभराने वेगळीच आग सुरू झाली. बोट दाबून धरल्यावर बरे वाटले. रात्री मात्र चादरीचा स्पर्शही सोसवेना. जखम एक असताना वेदना इतक्या तऱ्हेची का?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. इजेची चाहूल घेणारे त्वचेतील मज्जातंतू मुख्यतः दोन प्रकारचे असतात. काहींवर मायलिन या स्निग्ध द्रव्याचे पातळ आवरण असते आणि त्यांतून संदेश सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने धावतो; उरलेल्यांवर ते आवरण नसते, त्यामुळे त्यांचा वेग अर्धा ते दोन मीटर, म्हणजे ओळीतून रमतगमत चालणाऱ्या माणसाइतकाच असतो. बोटापासून मानेतील मज्जारज्जूपर्यंतचे अंतर पाऊण मीटर धरले, तर पहिला संदेश पापणी लवेपर्यंत पोहोचतो आणि दुसरा जवळपास सेकंदभर मागे राहतो. पहिल्याची कळ, दुसऱ्याची आग. हात मागे घेण्याचा निर्णय तर मज्जारज्जूतच झाला. मेंदूला ते नंतर कळले.

दाबण्याने बरे वाटणे हा मनाचा खेळ नव्हे. स्पर्श आणि दाब वाहून नेणारे जाड, वेगवान तंतू मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाला काही अंशी अटकाव करतात, अशी मांडणी मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये केली. तिच्या तपशिलात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, तरी मूळ कल्पना टिकून आहे. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो, तेही यामुळेच.

रात्रीची गोष्ट निराळी. जखमेभोवती सूज येताना प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये तयार होतात आणि त्यांच्यामुळे तंतू इतके संवेदनशील होतात की एरवी न जाणवणारा स्पर्शही दुखतो. बोट ‘हुळहुळे झाले’ असे आपण म्हणतो, ते हेच. आयबुप्रोफेनसारखी औषधे ही द्रव्ये तयार होण्यालाच आळा घालतात.

कात्री मातकट असल्याने धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. दोन-तीन दिवसांनी ठणका कमी होण्याऐवजी वाढला किंवा लाली हातावर चढू लागली, तर दवाखाना टाळू नये. छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना (जिथून नवी फूट येते त्या कळ्यांना) लावायची पेस्टही जखम भरेपर्यंत दुसऱ्याच्या हातून लावून घ्यावी. ती धडधाकट त्वचेलाही पोळते.