सिनेमा बघून मूल रडलं तर

“मॅडम, लहान मुलांचा सिनेमा म्हणून लावला आणि मुलगा तेव्हापासून नीट झोपतच नाही. असले सिनेमे दाखवूच नयेत का?” मी मुलांची समुपदेशक आहे; ॲनिमेशनपटांबद्दल पालक मला हे वरचेवर विचारतात. त्यातलाच एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा आठ वर्षांचा. घरी ‘कोको’ पाहिलेला. पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचा हा २०१७ सालचा सिनेमा मेक्सिकोत घडतो. तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा सण असतो. घरोघरी गेलेल्या माणसांचे फोटो मांडतात, झेंडूची फुलं आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. आपल्याला पितृपंधरवडा आठवल्याशिवाय राहत नाही. मिगेल हा मुलगा जिवंतपणीच मृतांच्या जगात पोचतो. तिथला नियम असा, की ज्याचा फोटो घरी मांडलेला नाही त्याला सणाला घरी येता येत नाही, आणि ज्याला आठवणारं कुणीच उरत नाही तो तिथूनही कायमचा नाहीसा होतो. झुल्यावर पडलेला एक म्हातारा असा विरून जातो. प्रसंग छोटा आहे, पण मोठ्यांच्याही पोटात कालवतं.

माझ्याकडे आलेल्या या मुलाचे आजोबा काही महिन्यांपूर्वीच गेले होते. वडील वैतागून म्हणाले, “कार्टून हसवायला असतं, रडवायला कशाला?”

मुलाला चित्र काढायला दिलं. त्यानं तो झुलाच काढला. मग खाली मान घालून म्हणाला, “आमच्या आबांचा फोटो आईनं कपाटात ठेवलाय.”

त्याला त्रास होऊ नये म्हणून आईनं फोटो काढला होता आणि घरात आबांचं नाव घेणंही सगळ्यांनी टाळलं होतं. हेतू चांगलाच होता. पण मुलानं मनाशी हिशेब मांडला: फोटो नाही, कुणी बोलत नाही, म्हणजे आबा फक्त मला आठवतात. मी झोपलो आणि विसरलो तर? पोर रात्रभर आबांची राखण करत होतं.

मला हा सिनेमा फार मोलाचा वाटतो. मृत्यूबद्दल मुलांशी इतक्या मायेनं क्वचितच कुणी बोलतं. तरी तो नियम आठ वर्षांच्या मुलासाठी जड आहे, हेही मी पालकांना सांगते. मेलेलं माणूस परत येत नाही हे या वयात कळलेलं असतं, पण आपल्या मनात आलं म्हणून काहीतरी वाईट घडेल ही भीती पुरती गेलेली नसते. म्हणून मोठ्यांनी तोंडानं सांगावं लागतं, “तू विसरलास तरी आबांना काही होणार नाही. त्यांना सांभाळायची जबाबदारी तुझी नाही.” वडिलांनी ते सांगितलं, आणि सांगताना मुलासमोर पहिल्यांदाच रडले.

फोटो बाहेर आला. कुठे लावायचा ते मुलानं ठरवलं. पुढे तिघांनी तोच सिनेमा पुन्हा पाहिला, दुपारी, मध्ये मध्ये थांबवत. शेवटी स्मृती हरवत चाललेल्या कोकोपणजीला मिगेलच्या गाण्यानं तिचे वडील आठवतात, आणि पुढच्या वर्षी सणाला तिचाही फोटो मांडलेला दिसतो. “म्हणजे पणजी पण गेली?” मुलानं विचारलं. “हो,” वडील म्हणाले, आणि विषय बदलला नाही. काही आठवड्यांत झोप सुधारली.

तेव्हा दाखवा, पण आधी स्वतः बघा. २०२४ पासून आपल्याकडे सिनेमांच्या यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या) प्रमाणपत्रात ७+, १३+, १६+ असे टप्पे आलेत, त्यांचा उपयोग होतो. मात्र तुमच्या घरात नुकतं कोण गेलंय हे प्रमाणपत्राला ठाऊक नसतं. सिनेमा संपल्यावर मूल तासभर रडलं तर घाबरू नका, जवळ बसा. झोप, जेवण, शाळा दोन-तीन आठवडे बिघडलेलीच राहिली तर मात्र समुपदेशकाकडे या. येताना सिनेमा कुठला आणि मूल पुन्हा पुन्हा कोणत्या प्रसंगाबद्दल बोलतं, ते लिहून आणा. आमचं निम्मं काम तिथेच होतं.