स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या रुग्णाला कोणी बोलत नसतानाही ऐकू येणारे आवाज मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसतात का?

आवाज दिसत नाहीत. ते ऐकू येत असताना मेंदूच्या कोणत्या भागातील रक्तप्रवाह वाढतो, एवढे मात्र दिसते. लंडनमधील संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ पुरुष रुग्णांचे स्कॅन आवाज ऐकू येत असताना आणि ते थांबल्यानंतर, असे दोन वेळा काढले, तेव्हा पहिल्या स्थितीत ब्रोका क्षेत्रातील रक्तप्रवाह अधिक आढळला. हे क्षेत्र प्रामुख्याने बोलण्याचे आहे, ऐकण्याचे नव्हे (मला यातली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते). त्यामुळे मनातले स्वतःचेच बोलणे रुग्णाला परक्याचे वाटत असावे, या तर्काला बळ मिळाले. मात्र असे निष्कर्ष गटाच्या सरासरीवरून काढलेले असल्याने एकेका रुग्णाचे निदान आजही स्कॅनवरून होत नाही; डॉक्टर एमआरआय सांगतात तो बहुधा गाठीसारखे दुसरे कारण नाही ना, हे तपासण्यासाठी.