‘आई दुर्लक्ष करते’

प्रिय मुली,

अर्जासोबतचं तुझं निवेदन वाचलं. ‘मला लहानपणापासून मुलं आवडतात’ हे पहिलं वाक्य काढून टाक. खोटं आहे म्हणून नव्हे. जो तो हेच लिहितो, आणि बालविकास व कुटुंब अभ्यासात पदव्युत्तर काम करताना तुझा फारसा वेळ मुलांसोबत जाणारही नाही. तो जाईल दमलेल्या आयांशी, उशिरा घरी येणाऱ्या वडिलांशी, नातवंडं सांभाळणाऱ्या आजोबांशी बोलण्यात. त्याहून जास्त जाईल पडद्यासमोर, चार सेकंदांचं तेच दृश्य पुन्हा पुन्हा मागे घेण्यात.

माझ्या पहिल्या निरीक्षणाच्या वहीत मी लिहिलं होतं, ‘आई दुर्लक्ष करते.’ मार्गदर्शक बाईंनी ‘दुर्लक्ष’ खोडलं आणि समासात लिहिलं, ‘दिसलं काय?’ मी तणतणतच चित्रफीत पुन्हा लावली. आई पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. दहा महिन्यांचं मूल चेंडूशी खेळत होतं. चेंडू घरंगळत तिच्यापर्यंत आला की मान न वळवता ती तो टाचेने मागे ढकलायची. सहा वेळा. मूल दर वेळी त्या टाचेकडे डोळे लावून बसलेलं. मला फक्त पाठ दिसली होती.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थची ‘अनोळखी परिस्थिती’, आई-बाळाचं नातं जोखणारा तिचा प्रयोग, तू वाचली असशीलच. आठ टप्पे, वीसेक मिनिटांचा खेळ. आई खोलीबाहेर जाते, परत येते. विद्यार्थी रडणं मोजत बसतात, एन्सवर्थची नजर मात्र आई परतल्यावर मूल काय करतं यावर होती. आणि ही वीस मिनिटं आभाळातून पडलेली नव्हती. आधी युगांडातली, मग बाल्टिमोरमधली घरं तिने पालथी घातली होती. बाल्टिमोरच्या २६ कुटुंबांत बाळाचं पहिलं वर्षभर दर तीन आठवड्यांनी चार-चार तासांच्या भेटी झाल्या. पाठ्यपुस्तकं वीस मिनिटांवर पानं भरतात आणि ते तास एका ओळीत उरकतात.

निव्वळ मानसशास्त्राकडे न जाता इकडे का, हे तू विचारलं होतंस. समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डरचं १९७४ चं काम बघ. अमेरिकेतल्या ओकलंडमधल्या १६७ मुलांच्या जुन्या नोंदी त्याने हाती घेतल्या. १९३० च्या दशकातल्या महामंदीत घराचं उत्पन्न कोसळलं तेव्हा ही मुलं शाळकरी वयातली होती. मुलगे बाहेर किडूकमिडूक कामं करू लागले, मुलींवर घरकाम आलं, घरात बापाचा शब्द उतरणीला लागला. पुढे त्याने शेजारच्या बर्कले शहरातली मुलं तपासली. ती सातआठ वर्षांनी धाकटी होती, आणि त्यांतल्या मुलग्यांना तोच काळ जास्त जाचला. पैशाची चणचण मुलापर्यंत येते ती आईबापाच्या आपसातल्या वागण्यातून, आणि ती कोणत्या वयात येते यालाही महत्त्व असतं. हे नीट दिसायला कुटुंबच अभ्यासाला घ्यावं लागतं.

संख्याशास्त्र टाळू नकोस. मुलांच्या ओढीने या विषयात आलेली माणसंच ते सर्वांत जास्त टाळतात. मार्शमॅलो प्रयोगाचंच घे. आणखी एक मिळावी म्हणून समोरची गोळी न खाता थांबलेली मुलं पुढे हुशार निघतात, ही गोष्ट वर्षानुवर्षं सगळीकडे सांगितली गेली. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांवर ती पुन्हा तपासली, तेव्हा तो संबंध मूळच्या निम्म्यावर आला. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची समज हिशेबात धरली, तर उरलेल्यातलाही दोन-तृतीयांश गेला. थांबणं हा एकट्या मुलाचा गुण मानला होता, त्यात घर किती मिसळलेलं होतं ते गणिताने उघडं पाडलं.

प्रबंधाबद्दल एकच. पाच वर्षं मुलांचा पाठपुरावा करायचा बेत मनातून काढ. मूल एका वर्षात एकच वर्ष वाढतं, शिष्यवृत्ती तोवर संपते. ज्यांच्याकडे जुनी दीर्घकालीन माहिती आहे असा मार्गदर्शक शोध. होकार देण्यापूर्वी त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना एकटं गाठून विचार: मसुदा किती दिवसांत परत येतो? शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं लागतं? विद्यापीठाच्या नावापेक्षा हे महत्त्वाचं आहे. नावाला भुलून मी एक वर्ष वाया घालवलं आहे.

संमतीपत्रावर पालकाची सही आली तरी काम संपत नाही. दोन वर्षांच्या मुलाने तुझा हात ढकलला, तोंड फिरवलं, तर तो नकार आहे. कॅमेरा बंद करायचा, त्या दिवसाची माहिती गेली तरी चालेल. पहिल्यांदा जिवावर येतं.

आणि हो, पहिल्या सत्रात तू घरी जाऊन स्वतःच्या आईवर सिद्धांत लावशील. सगळेच लावतात. मी जेवताना लावला होता. आईने ताट उचललं आणि आत निघून गेली.

निवेदन दुरुस्त करण्याआधी एक काम कर. ओळखीच्या एखाद्या घरी त्यांना विचारून दहा मिनिटं बस. मूल आणि मोठं माणूस, दोघांकडेही बघ. मग एक पान लिही. त्यात ‘प्रेमळ’, ‘हट्टी’, ‘दुर्लक्ष’ असले शब्द नकोत. हात कुठे होते, नजर कुठे गेली, कोण आधी हललं, एवढंच. ते पान रविवारपर्यंत पाठव. लाल पेन माझ्याकडे आहे.

तुझी,
मॅडम